तांब्याची तार

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतच्या रस्त्यालगतचा तलाव पार आटला, आणि गाळातून एका जुन्या प्रवासी मोटारीचा टप वर आला. गाळ काढणाऱ्या बायकांनी तीन दिवस त्यावर भाकरीची फडकी वाळत टाकली. चौथ्या दिवशी आत हाडं दिसली आणि काम थांबलं.

पोलिसांनी केडगावहून गहिनीनाथ मिस्त्रीला आणवलं. त्या भागात अशा मोटारी चालवणाऱ्या कंपनीची सगळी दुरुस्ती एके काळी त्याच्याच हातची. कंपनी बुडाली होती, मालक वारला होता, नंबराची पाटी गंजून गेली होती. मोटार कुठली, हे सांगणारा आता तोच एक उरला होता.

छप्पन साली कंपनीचा आसाराम ड्रायव्हर भर पावसात रिकामी मोटार घेऊन कर्जतहून नगरला निघाला, तो पोचलाच नाही. मोटार विकून पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. त्याची बायको लंकाबाई सोळा वर्षं चोराची बायको म्हणून जगली. पोरीची सोयरीक दोनदा मोडली. आणि गावाने हे ठरवलं ते गहिनीनाथच्या शब्दावर. लग्नाला जाताना मिरजगावच्या फाट्यावर ती मोटार सोलापूरकडे वळलेली या डोळ्यांनी पाहिली, असं त्याने सांगितलं होतं.

लांब नाक, मागची शिडी, दारातली वाकडी पायरी. बांधावरूनच गहिनीनाथने कंपनीची मोटार ओळखली. फौजदार म्हणाले, अशा पाच मोटारी होत्या. दुसरीला नसेल अशी खूण सांगा, नाहीतर बेवारस लिहून मोकळे होतो.

तशी खूण एकच होती. आसाराम निघाला त्या दिवशी ब्रेकच्या पेडलची पिन तुटली होती. नवी आणायची तर दिवस मोडणार, आणि गहिनीनाथला मेव्हण्याच्या लग्नाची घाई. त्याने पिनेच्या जागी तांब्याच्या तारेचे तीन वेढे पिळले आणि आसारामला सांगितलं, नगरपर्यंत काही होत नाही. पुढे मोटार आलीच नाही, तेव्हा गहिनीनाथची पाचावर धारण बसली. चोरी झाली म्हटलं की तारेचं कुणी विचारणार नव्हतं.

आताही ‘ही ती नव्हे’ एवढं म्हटलं की सुटला. पण बातमी ऐकून आलेली लंकाबाई समोर उभी होती. ती मोटारीकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो गाळात उतरला, आत शिरला आणि पेडलखाली हात घातला. लोखंडाचा भुगा झाला होता. तांबं तेवढं हिरवं पडून शाबूत होतं. वेढे तीन, मधोमध तुटलेले.

“आसारामचीच मोटार हाय,” बाहेर येऊन तो म्हणाला. “पिन बसवायला पायजे हुती. म्या तार बांधली. ती तुटली.”

“मग फाट्यावर कोन दिसलं हुतं तुमाला?” लंकाबाईने विचारलं.

“कुनीच न्हाई, वहिनी.”

तिने हात उचलावा, निदान चार शिव्या तरी द्याव्यात, असं त्याला फार वाटलं.

“तुमच्या शब्दावर सोळा वर्सं म्या माज्या धन्याला शिव्या घातल्या,” ती म्हणाली.

मग ती त्याला मागे टाकून मोटारीपाशी गेली. वाकड्या पायरीवर डोकं टेकून ती आत कुणाशी तरी हळूहळू बोलत राहिली. गहिनीनाथ तार हातात घेऊन लांबच उभा राहिला. जवळ जायची त्याची छाती झाली नाही.