ओरेल एक, ड्यूटीबाहेर

आमच्या ओरेल गावच्या कौन्सिलनं पोलीस खातं बंद करायचं काढलं, तेव्हा मी सभेत उभी राहून विचारलं, "पोहायचा तलाव दुरुस्त करायला तुम्ही पोलीस काढताय. उद्या त्याच तलावात कुणी बुडालं तर हाक कुणाला मारणार?" लोक खो खो हसले. मी विनोद केला नव्हता. पाचांपैकी तिघांचे हात वर गेले, त्यातला एक कर्ट मारेशच्या थोरल्या भावाचा होता (या कर्टचं पुढे सांगतेच), आणि खातं संपलं.

खातं म्हणजे तरी काय, एकटा व्हर्न. व्हर्न झाब्का, शाळेत माझ्याच वर्गातला. गावातला एकुलता एक पोलीस, म्हणून चीफही तोच. स्वतःच शिपाई आणि स्वतःच साहेब, स्वतःलाच सलाम ठोकत असेल सकाळी, असं मी त्याला चिडवायचे.

मी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, पोलीस नियंत्रण कक्षात बसते. कुणी मदतीसाठी नऊ-एक-एक फिरवला की फोन उचलणारी मार्वा ती मीच. आमच्यात पद्धत अशी, की पोलीस कुठेही उतरायच्या आधी वायरलेसवर आपला नंबर आणि जागा सांगतो, मी 'ऐकलं' म्हणते आणि मगच तो गाडीबाहेर पाय टाकतो. व्हर्नचा नंबर 'ओरेल एक'. ओरेल दोन कधी झालाच नाही. शेवटच्या दिवशी रिवाजाप्रमाणे मी त्याला वायरलेसवर शेवटचा पुकारा केला, सगळ्या काउंटीला ऐकू जाईल असा. ओरेल एक आता ड्यूटीबाहेर, कायमचा, असं जाहीर केलं. त्या बाजूनं तो "ऐकलं" म्हणाला, आणि मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, माणसांनी त्याची गाडी नेली. व्हर्न मक्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायला लागला.

तेव्हापासून गावाची राखण शेरीफकडे. त्याच्या हाताखालची डेप्युटी पोरं चांगली आहेत, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण रविवारी अख्ख्या काउंटीत दोघंच असतात, आणि आमची काउंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं म्हणजे वाटेत एकदा पेट्रोल भरावं लागतं.

ट्रूडी मारेश व्हर्नच्या घरासमोर राहते. तिचा नवरा कर्ट दारू प्यायला की तिला मारायचा, आणि तो बऱ्याचदा प्यायचा. व्हर्नची त्यावर एक रीत होती. दारात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "कर्ट, चल, गाडीत बसू." आरडाओरडा नाही, बेड्या नाहीत. कर्ट शिव्या देत देत "बरं, चीफ" म्हणायचा, गाडीत बसायचा, आणि व्हर्न त्याला भावाकडे सोडून यायचा. हे कायद्यात बसत होतं की नाही, देव जाणे. ट्रूडी जिवंत होती एवढं खरं. पुढे तिनं हिंमत केली आणि कोर्टाकडून मनाई हुकूम आणला, कर्टनं घराच्या आसपास फिरकायचं नाही म्हणून. हुकूम हातात आला आणि गावातला पोलीस गेला.

त्या रविवारी जेवणाच्या वेळेला तिचा फोन आला.

"मार्वा, तो आलाय."

"कुठे आहे?"

"मागच्या दाराला लाथा घालतोय."

"न्हाणीघरात जा, कडी लाव. फोन बंद करू नकोस."

"कडी त्यानंच मोडलीय गं, गेल्या वर्षी."

मी डेप्युटी कोल्बीला वायरलेस केला. तो आणि दुसरा डेप्युटी काउंटीच्या पार त्या टोकाला, मोठ्या तळ्यावर. होडी उलटली होती आणि दोन मुलं सापडत नव्हती. "निघतो," कोल्बी म्हणाला, पण त्याचा आवाज ऐकूनच मला कळलं, की तो येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. हायवेवरची राज्याची गस्तीची गाडी त्याच्याहूनही लांब. सगळ्यांना कळवून झालं. आणखी काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तेवढ्यात दुसरी लाइन वाजली.

"मार्वा, कर्टची पिकअप ट्रूडीच्या अंगणात आहे."

"माहितेय, व्हर्न. कोल्बी निघालाय."

"कुठून?"

"तू घरात बस."

"कुठून ते सांग ना."

"तळ्यावरून."

 तो अगदी जुन्या सुरात म्हणाला, "ओरेल एक, मारेशच्या घरी उतरतोय," आणि फोन ठेवून मोकळा झाला. माझं 'ऐकलं' ऐकायलाही थांबला नाही. आणि मी ते म्हणणार तरी कशी होते? पोलिसाच्या अंगात ही गोष्ट इतकी मुरलेली असते. आपण कुठे आहोत ते कळवलं, की मागून कुणीतरी येतंच, असं त्याला वाटतं. इतकी वर्षं येतही होतं. व्हर्न रिकाम्या हातानं रस्ता ओलांडून गेला तो त्याच भरवशावर, आणि मागून येणारं कुणी नव्हतं हे ठाऊक असलेली मी खुर्चीला खिळून बसले होते.

ट्रूडीची लाइन चालूच होती. दार मोडल्याचा आवाज आला, मग ती ओढली जात असल्याचा, मग व्हर्नचा.

"कर्ट, चल. गाडीत बसू."

कर्ट हसला. "कुठल्या गाडीत, चीफ? सायकलवर डबलसीट नेतोस का मला?"

"तिला सोड."

"सोडव की. लाव मला हात. आता तू हात लावलास ना, तर ती मारामारी होते. जेलमध्ये तू जाशील. तू आहेस कोण आता? ट्रक मोजणारा!"

"कोर्टाचा हुकूम आहे, कर्ट."

"मग कोर्टाला बोलाव."

त्यानंतर काहीतरी खटकन वाजलं. पिस्तुलाचा घोडा ओढल्याचा तो आवाज मी या नोकरीत फार वेळा ऐकलाय. मी फोनमध्ये ओरडत होते, "व्हर्न, मागे हो! मागे हो!" पण फोन कुणाच्या कानाला होता? तो जमिनीवर पडलेला असणार.

"व्हर्न, तुम्ही बाजूला व्हा," ट्रूडी म्हणाली.

"नाही होणार."

"व्हा म्हणते ना! मीच जातेय त्याच्याबरोबर. माझ्या मर्जीनं जातेय, कळलं? कर्ट, ते ठेव खाली. हे बघ, मी निघालेच. चपला पण घातल्या. चल."

किती शांत बोलली ती. लहान मुलाची समजूत काढावी तशी.

पिकअप सुरू झाली आणि गेली. मग फोन उचलल्याचा आवाज आला. व्हर्नला धाप लागली होती. "नदीकडे गेलेत. नंबर घे," म्हणाला, आणि मी नंबर घेतला. नदीच्या पुलापलीकडे दुसरी काउंटी, दुसरा शेरीफ. मी तिकडच्या कक्षात फोन लावला, तर तिथली बाई विचारते, "बाईला पळवून नेलंय की ती आपण होऊन गेलीय?" मी म्हणाले, "पळवून." पण आमच्याकडे येणारा प्रत्येक फोन टेप होतो, आणि त्या टेपवर काय आलंय ते मला ठाऊक होतं.

कोल्बी पोचला तेव्हा व्हर्न ट्रूडीच्या मोडक्या दारात बसून होता. कोल्बी नवा, ओरेलमधलं कुणी त्याच्या ओळखीचं नाही. त्यानं आधी व्हर्नला हात वर करायला लावले आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"शेजारी," व्हर्न म्हणाला.

पुढे कर्ट आणि ट्रूडी पलीकडच्या काउंटीत एका मोटेलात सापडले. आमच्या काउंटीच्या सरकारी वकिलानं टेप ऐकली. भला माणूस आहे, पण तो तरी काय करणार? "ती स्वतःच सांगतेय, माझ्या मर्जीनं जातेय म्हणून," तो म्हणाला. मी म्हटलं, "अहो, पिस्तूल रोखलं होतं!" तो म्हणाला, "व्हर्न तसं म्हणतोय खरं. पण ट्रूडी म्हणते पिस्तूल नव्हतंच, म्हातारा घाबरला." व्हर्नचा जीव वाचवायला ती जे बोलली, त्यानंच कर्ट सुटला. हुकूम मोडल्याबद्दल थोडे दिवस आत बसला, बाहेर आला, आणि ट्रूडीनं स्वतः कोर्टात जाऊन मनाई हुकूम रद्द करून घेतला. आता तो त्याच घरात राहतो. व्हर्नच्या समोर.

परवा चर्चच्या जेवणात ट्रूडी कोलाचे, फळांचं सारण भरलेले गोड पाव, वाढत होती. जर्दाळूचा एक माझ्या ताटात ठेवताना ती खाली वाकली. गळ्यापर्यंत बटणं लावलेली होती, एवढ्या उन्हाळ्यात.

"मार्वा, व्हर्नना एक सांगशील? म्हणावं, आमच्या घराकडे बघत जाऊ नका. खिडकीत दिसले की कर्ट बिथरतो. पुढच्या वेळी तो त्यांना सोडायचा नाही."

"आणि तुला?" मी विचारलं.

"तू त्यांना सांग फक्त," ती म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे वळली.

मी तशीच व्हर्नकडे गेले आणि निरोप दिला.  मला वाटलं, आता उठेल, शिव्या घालेल, निदान माझ्यावर तरी ओरडेल. त्यानं मान हलवली, "ऐकलं" म्हणाला, आणि उठून समोरच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.