मागं रेललेला म

आमच्या ह्यांनी कोरलेली अक्षरं नांदेडात कुणीबी ओळखावीत. जाड, अंगानं चिंचोळी, कोनाकोनाची अन् सगळी पुढं झुकलेली, धावत सुटल्यागत. माळेगावची जत्रा असो, कुस्त्यांचा फड असो की नाटक, जाहिरातीवर तीच. चिंचोळी म्हणून एवढ्याशा कागदावर मोठ्ठं नाव मावायचं. मला वाचता कुठं येत होतं? ती लाकडी अक्षरं पुसता पुसताच मी शिकले.

त्यात एक म फसला होता. छापायचं अक्षर लाकडावर उलटं कोरावं लागतं. ह्यांनी आकार उलटा घेतला, झुकाव उलटा करायचा विसरले. छापलं तर सगळी पुढं पळून राहिली अन् हा एकटा मागं रेललेला! ह्यांच्यावर छापखान्याचे मालक माधवराव ओरडले, “पंचाक्षरी, फेकून दे ते!” हे ऐकतील तर शपथ. म्हणाले, “हा महानंदेचा म. मी पुढं पळतो, ही मागं ओढती.”

मग रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. हे अक्षरांची पेटी घेऊन पैनगंगेपल्याड निघाले, तिकडं लढ्याची पत्रकं छापायला. मी लई भांडले. “मला कुणाच्या भरवशावर टाकून चालले?” म्हटलं. ह्यांनी पेटीतला तो एकुलता एक म माझ्या हातात दिला. “तिथं नवा कोरीन, असाच मागं रेललेला. तो छापून आला की समज, मी हाय.”

गेले. घर खायला उठलं. बोलायला कुणी न्हाई, भांडायलाबी न्हाई. दोन भाकरी थापायच्या अन् एक गाईला घालायची. मेलं, रागवावं तरी कुणावर?

गुणाबाई कासारीण काकणांच्या गाठोड्यात लपवून पत्रकं आणायची. पहिल्या पत्रकावर ‘हिंमत धरा’ होतं. अक्षरं ह्यांचीच, फक्त म छापखान्यातला साधा, बारका. म्हटलं, कोरून राहिले असतील. गुणाबाईला एवढंच सांगून ठेवलं, मोठा म आला की हे हायेत. त्यानंतरच्याबी पत्रकांवर तसाच बारका म. पोलिसांनी नदीकाठी गोळीबार केल्याचं गावात बोलत होते. मी कान झाकून घ्यायची.

पोळ्याच्या आधी गुणाबाई हसतच आली. “बघ गं, आता म बी मोठा झाला! तुझा नवरा जिता हाय, मी म्हणत नव्हते?”

मी कागद उजेडात धरला. म होता. जाड, चिंचोळा, बाकीच्यांसारखाच पुढं झुकलेला. एकदम बिनचूक. अन् कोपरे गोल. ह्यांचा कोपरा कसा, बोट कापील असा असायचा. हा म दुसऱ्याच कुणाच्या हातचा होता. ह्यांचा हात असता तर तो मागं रेलल्याबिगर राहिलाच नसता.

गुणाबाईला सांगावं वाटलं, पण सांगितलं की खरं होणार. मग हे कुंकू जाणार, काकणं जाणार. त्या माउलीचं तोंड तर नुसतं फुललं होतं.

“आज फुकट भरते, हिरवी,” ती म्हणाली अन् माझा हात मांडीवर ओढून घेतला. चुलीमागच्या फळीवर तो लाकडी म मला इथून दिसत होता.

“अगं, एवढा काय हात आवळला? सैल सोड, काकणं फुटतील.”

मी हात सैल सोडला.