थोरलीचं डोलणं

वखारीतल्या हत्तिणीला सगळे थोरली म्हणायचे. तीस वर्षं तिनं ओंडके ओढले. मग क्रेन आली आणि मालकानं थोरलीला मागच्या शेडमध्ये, सिमेंटच्या कोब्यावर बांधून टाकलं. उभं राहून राहून तिच्या पुढच्या डाव्या पायाचा तळवा फाटला होता, नखाखाली पू धरला होता.

"मऊ मातीवर गेली तर जगेल," जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते. "इथं राहिली तर हा पायच तिला घेऊन जाईल."

ठरलेली रक्कम महिनाअखेरपर्यंत मिळाली तर तिला सोडायला मालक तयार होता. ती जमवणं आमच्या संस्थेचं काम आणि आवाहनं लिहिणं माझं. संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली, एक कुरकुरणारा पंखा आणि बाई. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, माझा मजकूर अजून लाल पेनानं तपासायच्या. तो मी लेकीच्या, ठमीच्या, दुपारच्या झोपेत लिहायची. ठमी अकरा महिन्यांची, झोप चाळीस मिनिटांची, त्यामुळे माझी वाक्यंही आखूड.

पहिल्या तीन पत्रांवर आले ते पैसे थोरलीच्या आठवड्याच्या चाऱ्यालाही पुरले नसते.

"रडगाणं झालंय गं," बाई म्हणाल्या. "लोकांच्या घरात रडायला काय कमी आहे? काहीतरी गोड दे."

म्हणून मी ठमीला कडेवर घेऊन वखारीत गेले. थोरली डोलत होती. डावीकडे, उजवीकडे, मागोमाग सोंड. तिला बघून ठमीही कडेवर डोलायला लागली, मध्येच टाळ्या पिटायला लागली. माहूतकाकांनी माझ्या फोनवर ते टिपलं. एकोणीस सेकंद.

ते नेटवर टाकायचं ठरलं. त्याखाली मी लिहिलं : 'थोरली डोलते, तशी ठमीही डोलते. पण थोरलीचं डोलणं आनंदाचं नाही. वर्षानुवर्षं एका जागी बांधलेला हत्ती असा डोलतो. हे दुखणं आहे.' डॉक्टरांनी मला हे पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं.

बाईंनी पहिल्या वाक्यापुढचं सगळं लाल रेघेनं खोडलं. "इथं थांब."

मी थांबले. वाद घालता आला असता. पण घरी ठमीला तापाची कणकण होती, निम्मा महिना सरला होता, आणि खोडल्यावर ते खरंच गोड दिसत होतं.

नऊ दिवसांत रक्कम पुरी झाली.

दहाव्या दिवशी बाई आणि मी चेक घेऊन वखारीत गेलो, तर फाटकापासून रांग. कडेवर पोरं, हातात फोन. माहूतकाका तिकिटं फाडत होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "सकाळपासून दोनशे झाली." आत कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला होता आणि थोरली डोलत होती.

मालकानं खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. "ताई, तुमचे उपकार मी विसरायचो नाही. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा म्हणतात, माझी तर जिवंत आहे. आता कशाला सोडू?"

"तुम्ही शब्द दिला होतात," बाई म्हणाल्या.

"दिला होता की. तेव्हा ती नाचत नव्हती."

चहा कुणी घेतला नाही. रिक्षात बाई बाहेर तोंड करून बसल्या. खोलीवर आल्यावर मी म्हणाले, "बाई, खोडलेलं छापायचं."

"लोक पैसे परत मागतील."

"मागू देत."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते खणात टाकलं.

मी सगळं लिहिलं. वाक्यं होती, ती खोडली, का खोडली. चार दिवसांत वखारीतली रांग आटली. पैसेही आटले. 'माझ्या लेकराला कुणाच्या तरी दुखण्यावर टाळ्या वाजवायला लावल्यात,' एका आईनं लिहिलं. तिला उत्तर लिहायला मी तीनदा बसले, तिन्ही वेळा ठमी उठली. चौथ्यांदा बसलेच नाही. ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत केले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मालकाचा फोन आला. "न्या तुमची थोरली. ठरल्या भावात."

आमच्याकडे शेपटापुरते उरले होते.

"त्यात वाळू किती येईल?" माहूतकाकांनी विचारलं.

चार ट्रक आली. फुकटच्या वाळूला मालक कशाला नाही म्हणेल? माहूतकाका, डॉक्टर आणि वखारीतले दोघं दुपारभर ती शेडमध्ये पसरत होते. डॉक्टरांनी पाय धुऊन औषध भरलं. थोरलीनं सोंडेनं वाळू चाचपली. दुखरा पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मागचे गुडघे दुमडले आणि हळूहळू, भिंत कलंडावी तशी, कुशीवर गेली.

"सहा वर्षांत आडवी झाली नव्हती," माहूतकाका म्हणाले. "कोब्यावर पडले तर या पायानं उठता यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं."

"आता उठेल ना?" मी विचारलं.

काकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बादलीत हात धूत होते. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी धूत राहिले.

थोरलीचं डोलणं थांबलं होतं. नुसतं पोट वरखाली होत होतं. ते बघून ठमीनं टाळीसाठी हात उचलले. मी तिचे दोन्ही हात माझ्या मुठीत धरून ठेवले.