डावीकडे ओहोटी, उजवीकडे भरती

दादानं बोलणं टाकलं तेव्हा आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्यापासून त्याच्या जिभेला नुसती धार चढली होती. चहा गार, उशी उंच, आणि मी बुटकी. मग एक दिवस हे सगळं थांबलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतो हो, पण जगण्याची इच्छा कुठून देऊ?" आणि बॅग उचलून चालते झाले.

घरात आम्ही दोघंच, भाऊ-बहीण. त्यानं जन्मभर बंदरातल्या टगबोटीचं सुकाणू धरलं, मी पडदे शिवले. त्याच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप तेवढे दिसतात. समुद्र जवळच आहे, पण या धिप्पाड माणसाला उचलून नेणार कोण? म्हणून मी रंगाची पेटी आणली आणि समुद्रच घरी आणायचं ठरवलं. चित्रकलेशी माझा संबंध शाळेत काढलेल्या वांग्यापुरता.

किनाऱ्यावर बसून मी पडद्याला टीप मारतात तसं चित्र काढलं. डाव्या कडेला सुरुवात, आणि एकेक वीत पुरी करत उजवीकडे. दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. संध्याकाळी ते त्याच्या तोंडासमोरच्या भिंतीला टाचलं.

त्यानं बराच वेळ बघितलं. मग त्याचं अर्धं तोंड हसायला लागलं.

"बुटके, डावीकडे खडक उघडे आणि उजवीकडे बुडालेले? एकाच समुद्राला एकाच वेळी ओहोटी पण आणि भरती पण?"

खरंच की! मी उजव्या कडेला पोचेपर्यंत पाणी चढलं होतं, आणि मी आपली समोर दिसेल ते इमानानं काढत गेले होते.

"अगं, समुद्र आहे तो, पडदा नव्हे," असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी पाजलं, मग भात भरवला. त्यानं ताट चाटूनपुसून संपवलं.

तेव्हापासून मी रोज जायला लागले. तिथं बसलं की लाटेच्या कडेचा फेस कसा काढायचा, एवढीच काळजी. बेडपॅन, औषधांचा वास, उद्याचं काय, सगळं घरी राहायचं. इतकं स्वस्थ मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. भावाच्या दुखण्यातून मला हे सुख मिळावं याची लाज वाटायची, तरी जायचेच.

घरी परीक्षक टपलेलाच असायचा. ढगांची सावली चुकली, पाण्याला उतार दिला, सगळं बोलून दाखवायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मीही उलटून बोलायचे आणि भांडता भांडता त्याचं जेवण उरकायचं.

पंचाईत अशी झाली की मला जमायला लागलं. एके दिवशी त्यानं चित्र बघितलं, चूक शोधली, सापडली नाही, आणि गप्प झाला. ताट अर्धं तसंच राहिलं. मग मी मुद्दाम चुकायला लागले. बोटीवरचा झेंडा एका दिशेला, तिच्या धुराड्याचा धूर दुसऱ्या.

"वाऱ्यानं काय दोन दगडांवर पाय ठेवलेत?" दादा कडाडला, आणि मी पटकन घास पुढे केला.

हिवाळा लागला तसा तो दिवसभर झोपायला लागला. वाक्यं अर्ध्यावर सोडायचा. मी चुका मोठ्या करत गेले. काल तर हद्दच केली. बोट कागदभर, झेंडा डावीकडे फडफडतोय आणि काळाकुट्ट धूर उजवीकडे. आंधळ्यालाही दिसावं असं.

त्यानं बघितलं. "छान," म्हणाला.

"नीट बघ रे दादा."

"बघितलं की. बरोबर आहे सगळं."

मी धुरावर बोट ठेवलं. "हा धूर कुठं चाललाय?"

"कुठला धूर?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसला. "जमलं गं तुला, बुटके."

त्यानं माझं असं कौतुक जन्मात कधी केलं नव्हतं. तोंड दिसू नये म्हणून मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. ताटातला एक घासही त्यानं खाल्ला नव्हता.

आज सकाळी पुन्हा किनाऱ्यावर गेले. दादा झोपेतच होता, घरी बसून करणार काय? एक बोट नांगर टाकून उभी होती. मी झेंडा आणि धूर एकाच दिशेला काढले, पाणी एकाच भरतीचं काढलं, चूक म्हणून कुठं बोट ठेवायला जागा ठेवली नाही. पुरं झाल्यावर चित्र मांडीवर घेतलं आणि रडले. आसपास कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडले.