आजोबांच्या मेणाच्या नासपती

"हीच ती!" इरेनाबाई जवळजवळ ओरडल्याच. कृषी संस्थेतल्या या संशोधक बाईंच्या एका हातात डोंगरातल्या झाडाची खरी नासपती होती, दुसऱ्या हातात ब्रेदाच्या आजोबांनी केलेली मेणाची. "आकार तर जुळतोच, पण हा गालावरचा लाल पट्टा बघा! संपली म्हणत होतो ती जात. हिला तुमच्या आजोबांचंच नाव देऊ."

ब्रेदाने तो पट्टा पाहिला आणि नजर वळवली.

आजोबा आलोयझ विपावाच्या खोऱ्यात शाळामास्तर होते. पिकलेलं फळ डागांसकट, किडीच्या भोकासकट मेणात उतरवायचे. लढाईत बागा गेल्या, मेणाची फळं राहिली. बेकरीत केकवर गुलाब काढण्यात हयात गेलेल्या ब्रेदाने ती जिवापाड जपली. गावात ती प्रदर्शनाला मांडायची, पण त्या फिक्या फळांकडे कोणी ढुंकून बघेना. मग गेल्या हिवाळ्यात तिनेच त्यांच्यावर रंगाचा हात फिरवला.

"अगं, त्यांचं काम आहे ते, राहू दे तसंच," नवरा स्तान्को म्हणाला होता.

"तुला काय कळतंय रंगातलं?" तिने त्याला उडवून लावलं. पुढच्या प्रदर्शनाला गर्दी लोटली, आणि आजोबांच्या वाट्याचं कौतुक तिने मान डोलावत घेतलं.

आता गप्प बसलं की झालं. आजोबांचं नाव झाडाला लागेल.

"बाई," ब्रेदा म्हणाली. "तो पट्टा माझा आहे."

"म्हणजे?"

"मी रंगवलाय. नुसती पिवळी बरी दिसेना."

"खालचा रंग असेल ना अजून?"

"आधी खरवडून घेतलं होतं. सगळ्याच फळांचं."

इरेनाबाईंनी मेणाची नासपती हलकेच टेबलावर ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी किती बघून बघून केलं असेल हो," आणि पिशवी उचलून निघाल्या.

रविवारी प्रदर्शन नेहमीसारखं उघडलं. प्रत्येक फळापुढे नवी पाटी होती. चर्चमधून परस्पर आलेल्या एका म्हाताऱ्याने चष्मा सावरत मोठ्याने वाचली, "घडण आलोयझ कोमेल. रंग ब्रेदा कोमेल, मूळ रंग पुसून." त्याने वळून विचारलं, "ही कोण दिवटी?"

स्तान्को काही बोलणार, तोच ब्रेदा पुढे झाली.

"मी," ती म्हणाली. "या, पुढची दाखवते."