शेडचा रकाना

मशीन माणसाचा इतका अपमान करू शकतं हे मला त्या रविवारी कळलं. शाळेत कॉम्प्युटरच्या बाई शिकवतात तेव्हा सगळं कसं शहाण्यासारखं चालतं. आपण कमांड द्यायची, मशीनने ऐकायचं. आमच्या घरचं मशीन मात्र घराण्याच्या वळणावर गेलंय. ऐकून न ऐकल्यासारखं करतं.

आमची दातांची लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि आमच्याकडे कॅप, ब्रिज, कवळ्या तयार होतात. घराचा खालचा मजला सगळा लॅबचाच. मागच्या खोलीत बाबा प्लास्टर ओततात. त्यांना कशावर मत विचारलं की ते आणखी प्लास्टर ओततात. पुढच्या खोलीत काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, ऑर्डरी घेतो, फोन घेतो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची शाळा घेतो. आणि खिडकीपाशी आई शेड लावायची. शेड म्हणजे दाताचा रंग. दात पांढरे असतात असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या लॅबमध्ये यावं. पिवळसर पांढरा, राखाडी पांढरा, चहाबाज पांढरा. आई बारीक ब्रशने थर चढवायची, भट्टीत घालायची, बाहेर काढून खिडकीत धरायची, आणि मान हलवून परत थर चढवायची.

‘लावायची’ म्हणतेय, कारण मध्यंतरी एक दात परत आला. पुढचा होता, आणि इतका पांढरा की पेशंट बाईंनी तोंड उघडलं की खोलीत ट्यूब लागावी. डॉक्टर म्हणाल्या, मी ही शेड सांगितलीच नव्हती. कॉम्प्युटरवरच्या ऑर्डरीत मात्र तीच होती. कोणीतरी मागाहून बदलली होती. कोणी? आमच्या प्रोग्राममध्ये बदल करणाऱ्याचं नाव आपोआप उमटतं, पण तिथे नुसतं ‘लॅब’ असं लिहिलेलं. कारण पहिल्या दिवसापासून सगळेजण ‘लॅब’ या एकाच खात्यातून काम करत आलेत. काका, बाबा, आई, फोन घ्यायला बसलेला कोणीही. काकाचं तत्त्वच होतं, "एका घरात कशाला इतकी कुलपं?" त्या एका खात्याला सगळे अधिकार. बघा, लिहा, बदला, पुसा, काय वाटेल ते करा.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. शेड आई लावते ना? मग चूक आईची. काकाने तिला पॉलिशवर बसवलं आणि सोमवारपासून शेड लावायला नवा सिरॅमिकवाला येणार असं जाहीर करून टाकलं. आईने फक्त पॉलिशचं मशीन उलटं फिरवून ठेवलं, खिडकीकडे पाठ येईल असं. ती पाठ बघून माझं डोकं फिरायचं.

शेवटी मी काकाला म्हटलं, "प्रत्येकाचं वेगळं खातं करू या. आणि शेड बदलायचा अधिकार एकाच माणसाला. मग चूक कोणाची ते लगेच कळेल."

"आणि हे करणार कोण?"

"मी."

"टकळे, तुला अजून बुटाची लेस बांधता येत नाही."

"लेस नाही येत. हे येतं."

काका हसला, पण विचारात पडला. "शेड कोणाच्या नावावर टाकणार?"

"आईच्या."

"बरं," काका आईकडे वळला. "नवा माणूस येईपर्यंत तुमच्या नावावर, वहिनी. पण मग काही बिनसलं तर ‘मला माहीत नाही’ चालणार नाही. पेटीवरच्या लेबलावरही तुमचंच नाव छापू."

"छापा, भाऊजी," आई मास्कच्या आडून म्हणाली.

नवा येईपर्यंत, असं तो म्हणाला होता. पण मी मनात म्हटलं, एकदा नीट चालू झालं की कशाला काढून घेईल? आईला खुर्ची परत मिळवून द्यायचीच, असं मी ठरवून टाकलं. वर्गात मी याच विषयात पहिली आहे, त्यामुळे फार तर तासाभराचं काम वाटलं होतं.

हो, तासाभराचं!

सगळ्या ऑर्डरींचा साठा, म्हणजे डेटाबेस, काकाच्या टेबलावरच्या मशीनवर आहे. त्याचं सगळ्यात मोठं खातं, रूट, त्याचा पासवर्ड काकाने माझ्या कानात सांगितला. तो मागच्या खोलीत बाबांनाही ऐकू गेला. मी कमांड लिहायची काळी खिडकी उघडली. क्रिएट यूझर, मग नाव. लॅबमध्ये आईला सगळे वहिनीच म्हणतात, म्हणून नाव दिलं ‘वहिनी’. पुढे पासवर्ड. मग ग्रँट, म्हणजे अधिकार देणे: ऑर्डरी वाचायचा आणि शेडचा रकाना बदलायचा. तेवढा एकच रकाना! असं करता येतं हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी खुर्चीत उडालेच होते. पूर्ण तक्ता न देता एकाच रकान्याची किल्ली हातात ठेवायची. मी त्याच मशीनवर वहिनी बनून आत शिरून पाहिलं. सुरळीत! मी एक गिरकी घेतली आणि प्लास्टरच्या गोणीवर आपटले.

"आई, बघ तुझ्या मशीनवरून!"

आईने पॉलिशच्या टेबलावरच्या जुन्या मशीनवर नाव टाकलं, पासवर्ड टाकला. ॲक्सेस डिनाइड, म्हणजे प्रवेश नाही.

"काहीतरी चुकीचं टाईप केलंस."

"परत करते." परत डिनाइड.

"हळू टाईप कर ना गं!"

"अगं, याहून हळू केलं तर उद्या उजाडेल."

बिचारीचं काही चुकलं नव्हतं. माझंच चुकलं होतं. या डेटाबेसमध्ये खातं करताना नुसतं नाव देऊन भागत नाही, हा माणूस कुठल्या मशीनवरून येणार तेही सांगावं लागतं. मी ‘इथूनच’ असं सांगून बसले होते. म्हणजे आईने शेड बदलायची तर प्रत्येक वेळी काकाला उठवून त्याच्या खुर्चीत बसायचं. एरवी ही कल्पना मला आवडली असती.

मी नव्याने खातं केलं: वहिनी, कुठल्याही मशीनवरून. या वेळी आई आत गेली. मी टाळ्या पिटल्या.

"छान आहे," आई म्हणाली. "पण इथे काहीच नाहीये."

"काहीच नाही म्हणजे?"

"ऑर्डरी म्हटलं की नाही म्हणतं. आत घेतलं, पण पाणीसुद्धा विचारत नाही."

अधिकार तर दिले होते! मग दिसलं की मशीनच्या लेखी ‘इथली वहिनी’ आणि ‘कुठलीही वहिनी’ या दोन वेगळ्या बायका आहेत. नाव तेच, माणूस वेगळा. माझे सगळे अधिकार पहिलीच्या पदरात, आणि दुसरी हात हलवत उभी. मी दात-ओठ खात पहिलीचं खातं उडवलं आणि दुसरीला सगळं नव्याने दिलं.

"चाललं!" आई म्हणाली, आणि तिने एका ऑर्डरीची शेड बदलून परत होती तशी केली. बदल करणारा: वहिनी. ती त्या शब्दाकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग तिने मास्क वर ओढला.

मग बाबांचं खातं. "तुम्हाला काय काय हवं, बाबा?" त्यांनी प्लास्टर ढवळलं. मी त्यांना वाचायचा अधिकार दिला. मग काकाचं खातं, आणि तिथे खऱ्या महाभारताची सुरुवात.

"मला सगळं हवं."

"नवी ऑर्डर टाकता येईल, डॉक्टरांचं नाव, तारीख, सगळं बदलता येईल. शेड सोडून."

"लॅब चालवतो कोण?"

"तू. पण एकाच्याच हातात शेड द्यायची हे तूच कबूल केलंस."

"आणि पुसायचं?"

"पुसायचं कोणालाच नाही. नाहीतर तू ऑर्डर पुसून नवी टाकशील, नव्या शेडची."

काका माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या खिशात हात घातलाय. म्हणजे त्याच्या डोक्यात तेच आलं होतं! "वकील हो तू," तो म्हणाला आणि चहा करायला निघून गेला.

सगळ्यांची खाती झाली. आता शेवटचं काम उरलं, ते जुनं ‘लॅब’ खातं बंद करायचं. मी ते मोठ्या थाटात बंद केलं. आणि पुढच्या दारातून डिलिव्हरीवाल्याची हाक आली, "अहो, लेबलं येत नाहीयेत!"

तो गाडी चालू ठेवूनच दारात उभा होता. तातडीच्या पेट्या टेबलावर तयार, पण लेबलं छापणारं मशीन गप्प. काकाने ते बंद-चालू केलं, थोपटलं, मग चापट मारली. मी कागद बदलला. तार काढून परत खोचली. डिलिव्हरीवाला दारातून सल्ले देत होता. पाऊण दुपार आम्ही त्या बिचाऱ्या छापायच्या मशीनचा छळ केला. मी रडकुंडीला आले होते, आणि काका सारखा म्हणत होता, "चांगलं चाललं होतं. एकच खातं होतं, चांगलं चाललं होतं."

"काही चांगलं नव्हतं चाललं!" मी ओरडले. इतकं मोठ्याने, की बाबा प्लास्टरच्या हातांनी बाहेर आले.

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "लेबलं छापणारा कुठल्या खात्यातून वाचतो?"

मी लेबलाच्या मशीनचं सेटिंग उघडलं.

तोही ‘लॅब’मधूनच वाचत होता, अर्थात. आमच्या घरात जो तो त्याच खात्यातून जायचा, मग तो तरी कसा अपवाद असणार? मी घरातल्या माणसांची खाती केली, पण यंत्राचं करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याच्यासाठी वेगळं खातं केलं, नुसतं वाचायचं, आणि त्याच्या सेटिंगमध्ये ते नाव टाकलं. घरघर करत लेबल बाहेर आलं. काकाने ठरवल्याप्रमाणे शेडच्या खाली छापलेलं: वहिनी. डिलिव्हरीवाला ते पेटीला चिकटवून निघून गेला आणि मी टेबलावर डोकं टेकलं.

सोमवारी सकाळी मी शाळेचा गणवेश घालून खाली आले तर नवा सिरॅमिकवाला आईच्या खुर्चीत बसलेला. आयत्या बिळावर नागोबा! तसा माणूस साधा वाटला, हसतमुख, आपले ब्रश फडक्यावर ओळीने मांडत होता. पण मला तो त्या क्षणी जगातला सगळ्यात वाईट माणूस वाटला. आई त्याच्याकडे पाठ करून पॉलिश करत होती.

"टकळे, जायच्या आधी याचं खातं कर," काका म्हणाला. "शेड याला दे आणि वहिनींची काढ."

"का?"

"ठरलंच होतं."

"मी नाही करणार."

"मग मी करतो."

"कर की. पासवर्ड तुझाच आहे. लिही कमांड."

काका काळ्या खिडकीसमोर बसला. तिथे तो लुकलुकणारा ठिपका, आणि त्याच्यासमोर काका. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मशीन न थांबवता आई म्हणाली, "दे लिहून त्यांना. लॅबचे व्यवहार ते बघतात."

मला काकापेक्षा तिचाच जास्त राग आला. एवढं सगळं कोणासाठी केलं होतं मी? मी काकाला बाजूला सारून बसले आणि कळा बडवायला लागले. नव्याचं खातं केलं. मग रिव्होक, म्हणजे काढून घेणे. शेडचा रकाना, वहिनीकडून. अक्षरं पुसट दिसत होती, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं.

फोन वाजला. त्याच डॉक्टर होत्या, ज्यांचा ट्यूबलाइट दात परत आला होता. काकाने फोन स्पीकरवर टाकला.

"माझा पेशंट खुर्चीत बसलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या दाताची शेड मला बदलायची आहे. भट्टीत गेला नाही ना?"

"नाही नाही, आत्ता बदलतो," काका म्हणाला, आणि सवयीने फोनजवळच्या दुसऱ्या मशीनवर स्वतःच्या खात्यातून टाईप केलं. डिनाइड. परत केलं. परत डिनाइड. नवा माणूस ब्रश धरून ताटकळत राहिला; त्याला तर अजून काहीच अधिकार नव्हता.

"कालच्या पेटीवर ‘वहिनी’ असं नाव होतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्या आहेत का? मला त्यांच्याशीच बोलायचंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की तिकडे कोण बसतं. नाहीतर प्रत्येक वेळी वेगळाच कोणीतरी ‘हो हो, बदलतो’ म्हणतो."

आईने पॉलिशचं मशीन बंद केलं. मास्क खाली घेतला. फोनजवळ आली आणि शेजारच्या दाताबद्दल काहीबाही विचारायला लागली: कडेला किती पारदर्शक आहे, पेशंटला खिडकीपाशी नेऊन फोटो पाठवता का. बोलता बोलता ती खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली, आणि नवा माणूस आपसूक उठला. दुसरं काय करणार? शेडची पट्टी, म्हणजे नमुन्याच्या दातांची ओळ, तिथेच होती. आई बसली, फोटो आला, पट्टीवरचा एक दात तिने उजेडात धरला, दुसरा धरला.

"मी बदलतेय," ती फोनवर म्हणाली, आणि शेजारच्या मशीनवर स्वतःचं नाव टाकलं. "दात तयार झाला की लावून बघाल ना? नाही जमला तर मलाच फोन करा."

"तुम्हालाच करणार. इथून पुढे माझ्या सगळ्या केसेस तुमच्याच नावाने येऊ देत."

फोन ठेवला गेला. आईने तो दात हातात घेतला आणि ब्रश ओला केला. कोणाला काही विचारलं नाही.

काकाने पेन्सिलीने कान कोरला. मग त्याने नव्या माणसाला विचारलं, "मेणकाम येतं का हो तुम्हाला?"

"येतं की."

"ते टेबल रिकामं आहे." मग तो माझ्याकडे वळला. माझं बोट अजून एंटरवर होतं, आणि शाळेची बस तर केव्हाच गेली होती.

"पूस ते," काका स्क्रीनकडे न बघता म्हणाला. "यांना नुसतं वाचायचं दे."