करवत सरेपर्यंत

"भावोजी, काहीतरी बोला ना. तिचं काय राहिलंय ते बोला," मंजुळाचा भाऊ दामाजी माझ्या कानाशी ओरडला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता.

कळव्याला खाडीकाठी माझ्या बायकोचा दहावा चालला होता. पिंड ओट्यावर मांडलेला, आणि कावळा काही शिवत नव्हता. भातावर माश्या, ओट्याखाली कुणाचे तरी कुजलेले हार, त्यात चिखलाचा वास.

"डोंबिवलीची खोली विकून विनीतकडे घोडबंदरला राहायला जातो म्हणा," दामाजी म्हणाला.

"मामा, वन बीएचके आहे आमचा," माझा मुलगा विनीत पटकन म्हणाला. "आईला माहितेय ते."

"मंजुळाताई, ये गं बाई! जेवण गार होतंय तिकडे," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. मला किळस आली सगळ्यांची.

तेवढ्यात पिंडाच्या जागी एक चमकता ठिपका दिसला. तो पसरत गेला, त्याला दाते फुटले. तरुणपणापासून मला हे होतं. डॉक्टर मायग्रेन म्हणतात, मंजुळा करवत म्हणायची. तिला सांगावं लागत नसे. मी मान तिरकी केली की ती माझ्या हातातलं काढून घ्यायची. कंपनीत लेथवर होतो तेव्हा डबा देताना बजावायची, "करवत आली की मशीन बंद करायचं आणि खाली बसायचं. कोण काय म्हणेल ते म्हणू दे."

गुरुजींकडे पाहिलं तर त्यांना नाक नव्हतं. करवतीआड पिंडही दिसत नव्हता.

तिचा जीव कशात अडकला असेल ते मला ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, बसेन गं. एकटा असलो तरी बसेन.

पुढे कुजबुज झाली. "उरका ना गुरुजी, किती वेळ!" मग विनीतने माझा दंड धरला. "शिवला, बाबा. बघितलंत ना? चला."

"मला दिसत नाहीये."

"शिवला म्हणतोय ना मी. जेवणाचा हॉल खाली करायचाय परत."

तो ओढू लागला, तसा मी ओट्यासमोर त्या घाणीतच खाली बसलो.

"अहो बाबा, लोक बघतायत!"

"बघू देत."

लोक पांगले. करवत हळूहळू कडेला सरकली आणि मधलं दिसू लागलं. पिंड अख्खा होता. एक शीतही हललं नव्हतं. खरा कावळा येत नाही तेव्हा दर्भाचा करून टेकवतात, तसा गवताचा एक कावळा त्यावर ठेवला होता.

डोकं ठणकायला लागलं होतं. फाटकाजवळून विनीत हाका मारत होता. मी तो गवताचा कावळा उचलून बाजूला ठेवला, पिंडावरच्या माश्या हाकलल्या, आणि होतो तिथेच पुन्हा जाऊन बसलो.